मार्टिनबुवांचं आख्यान

बाबानं न्यूझीलंडमध्ये सात-आठ तरी कीर्तनं केली असतील. गणपतीत केली, रामनवमीला केली, एकदा तर कुणाच्या तरी मुलाच्या एकविसाव्या वाढदिवसाला गॅरेजमध्ये, बार्बेक्यूच्या धुरात उभं राहून केलं. पण लोअर हटमधल्या मराठी माणसांना अजून आठवतं ते त्यानं न केलेलं कीर्तन. लोकांचं हे असंच असतं. केलेलं कुणी लक्षात ठेवत नाही, आणि धोतर नेसून, फेटा बांधून, भरल्या सभेसमोर उभं राहून न केलेलं मात्र जन्मभर पुरतं.

कीर्तन आमच्याकडे आजोबांकडून आलं. ते मिरजेकडच्या देवळांतून उभे राहायचे. बाबानं त्यांच्या मागे बसून झांज वाजवत शाळेचा अभ्यास केला आणि पुढे पोटासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर झाला. उभी इमारत उभी राहील का, हे सांगायचं काम. आम्ही न्यूझीलंडला आलो तेही या कामामुळेच. क्राइस्टचर्चला मोठा भूकंप झाला, इंजिनिअर कमी पडायला लागले, आणि मी नऊ वर्षांची असताना आमचं बिऱ्हाड तिथल्याच हॉर्नबी या उपनगरात जाऊन पडलं. संध्याकाळी बाबा बुटांवर विटांची लाल भुकटी घेऊन यायचा आणि आई ते बूट मागच्या दाराबाहेर काढायला लावायची. जेवताना तो भिंतींबद्दल बोलायचा. लाकडी घर हलतं, कुरकुरतं, वाकतं, पण माणसाला सोडून देतं; विटांची भिंत मात्र काही बोलत नाही आणि एकदम अंगावर येते. हे मी वरणभाताबरोबर इतक्यांदा ऐकलं की पाढ्यांसारखं पाठ झालं. पुढे त्याला वेलिंग्टनमध्ये नोकरी लागली आणि आम्ही शेजारच्या लोअर हटला घर घेतलं. लाकडी, अर्थातच.

त्या घराला सगळ्या बाजूंनी वारा लागायचा. हीट पंपाची घरघर, टेकडीवरून येणाऱ्या वाऱ्यानं वाजणारी मागची जाळी, आणि गॅरेजमध्ये झांजा घेऊन आळवणारा बाबा, हे आमच्या घराचे तीन आवाज. आई जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून लोकांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायची आणि उरलेल्या वेळात आमच्या. एप्रिलमध्ये परसात फिजोआच्या पेरूसारख्या हिरव्या फळांचा सडा पडला की ती त्याचा मुरांबा करायची. तो पुढे वर्षभर पोळीशी, ब्रेडशी, थालीपिठाशी, ज्याच्याशी जमेल त्याच्याशी खावा लागायचा. आता मी त्या घरापासून फार लांब आले आहे, आणि जिथे राहते तिथे फिजोआ मिळत नाही. तेव्हा नाक मुरडायचे त्याची ही शिक्षा असावी.

मंडळाचा गणपती आणि शनिवारची मराठी शाळा आमच्या जवळच्या एका चर्चच्या हॉलमध्ये भरायची. हॉल लाकडी होता, फक्त व्यासपीठामागची एक भिंत जुन्या विटांची, वरपर्यंत त्रिकोणी चढत गेलेली. तिथले पास्टर नील म्हणजे उंच, वाकलेले, ऐन थंडीतही जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून फिरणारे गृहस्थ. आमच्या मोदकांवर त्यांचा जीव होता. भाडं म्हणून ते मोदकच घेतात, असं आई म्हणायची. मागच्या नोव्हेंबरात आमच्या भागालाही मोठा धक्का बसला होता, गावातले निम्मे हॉल बंद पडले होते, आणि हा एक हॉल आम्हाला उरला होता. त्यामुळे पास्टरांनी काही मागितलं तर नाही म्हणायची मंडळाची प्राज्ञा नव्हती.

त्यांनी मागितलं ते असं. त्यांच्या पंथाच्या मूळपुरुषानं, म्हणजे मार्टिन नावाच्या एका जर्मन साधूनं, चर्चच्या दारावर आपले आक्षेप लिहिलेला कागद ठोकला त्याला त्या वर्षी पाचशे वर्षं होत होती. त्यानिमित्त हॉल वापरणाऱ्या प्रत्येक गटानं काहीतरी सादर करावं, अशी त्यांची इच्छा होती. दुसऱ्या कुठल्याही समाजानं एखादं गाणं बसवलं असतं, समोसे तळले असते आणि मोकळा झाला असता. आमच्या मंडळाचे अध्यक्ष सुनीलकाका तबला वाजवायचे, आणि गणपती सोडला तर वर्षभर त्यांना तबला वाजवायला कुणी बोलवत नसे. ते मीटिंगमध्ये म्हणाले, "आपण कीर्तन करू या. त्यांचा संत, आपली पद्धत. श्रीकांत आहेच की!" कुणाला यात काही वावगं वाटलं नाही. पाखंडी ठरलेल्या, पोपशी भांडलेल्या, बिअर पिणाऱ्या जर्मन माणसाचं नारदीय कीर्तन, पूर्वरंग-उत्तररंगासकट, हे आमच्याशिवाय कुणाला सुचलं नसतं.

बाबा तर हरखूनच गेला. कीर्तनात नुसतं नाव कसं घ्यायचं, म्हणून त्यानं चरित्रनायकाला पहिल्याच दिवशी 'मार्टिनबुवा' केलं. माहिती काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं इंग्रजी चांगलं आणि पेटीही मीच वाजवणार होते. मी लायब्ररीतून जाडजूड चरित्रं आणली आणि रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवायला लागले. वीज कडाडली, पोरगा घाबरला आणि वाचलो तर साधू होईन म्हणाला. वकील करायला निघालेला बाप संतापला. मठात तो तासन् तास पापांची कबुली द्यायचा, इतकी की ऐकणारा गुरूच वैतागला. पुढे पापमुक्तीच्या पावत्या विकायला माणसं आली तेव्हा हा उखडला: देवाची कृपा पावती फाडून मिळत नाही, अंगाला त्रास करून घेऊनही मिळत नाही, असं त्याचं म्हणणं. मग तो कागद, ती बादशहासमोरची सभा, आणि सद्सद्विवेकाविरुद्ध मला जाता येणार नाही हे त्याचं उत्तर. ते बाबा दर वेळी माझ्यामागून मोठ्यानं म्हणायचा. संगीताला त्यानं धर्मज्ञानाखालोखालचा मान दिला होता हे कळल्यावर तर बाबानं ताट बाजूला सारून मला ते पुन्हा वाचायला लावलं.

पण चरित्र म्हटलं की सगळंच येतं. बुवांची बायको घरी बिअर गाळायची. कीर्तनात बाबानं त्या बिअरचं कोकम सरबत केलं. बुवा जेवताना जे काय बोलायचे ते शिष्य वहीत उतरवून घ्यायचे, आणि त्यातलं बरंचसं पोटातल्या वायूविषयी होतं, ते गळालं. जग उद्या बुडणार असलं तरी मी आज सफरचंदाचं झाड लावीन, हे वाक्य बाबाचं सर्वांत लाडकं. पास्टर नील एकदा चहाला आले असताना म्हणाले, की ते त्यानं कधीच म्हटलेलं नाही, कुणीतरी मागाहून त्याच्या नावावर चढवलंय. बाबा म्हणाला, "म्हणाला असता, म्हणाला असता." आईला यातल्या कशातच रस नव्हता. तिला पडली होती ती बुवांच्या बायकोची: मठातून पळून आलेली, घरात सदा वीस-पंचवीस जेवायला. "वहीत बोल लिहून घेत होते ना? मग स्वयंपाक कोण करत होतं ते लिहिलंय का कुणी?" एवढं विचारून ती लॅपटॉपमध्ये डोकं घालायची.

आणि एक दिवस मी त्याच्या म्हातारपणची ज्यूंविरुद्धची लिखाणं वाचली. त्यांची प्रार्थनास्थळं जाळा, घरं पाडा, असलं. मी पुस्तक आपटून म्हटलं, "बाबा, दिस मॅन वॉज हॉरिबल. तू त्याला संत बनवतोयस." बाबानं पुस्तक उचलून सरळ ठेवलं. मग म्हणाला, "मुक्ता, कीर्तनात दोष सांगत नाहीत गं. लोक चांगलं घ्यायला येतात." मी मराठीत वाद घालण्याइतकं मराठी तेव्हा बोलत नव्हते आणि इंग्रजीत वाद घातला की बाबा शब्दांचे उच्चार दुरुस्त करायचा. म्हणून मी दार आपटून गेले. पंधराव्या वर्षी तेवढी एक भाषा मला चांगली येत होती.

कार्यक्रमाला आठ दिवस उरले असताना पास्टरांनी बाबाला सहज म्हणून हॉलवर एक नजर टाकायला सांगितलं. बाबा शनिवारी माझा वर्ग चालू असताना शिडी लावून वर चढला आणि कितीतरी वेळ उतरलाच नाही. उतरला तेव्हा त्याचा तालमीतला गाणारा चेहरा कुठल्या कुठे गेला होता. पास्टरांना तो "लेट मी रन सम नंबर्स" असं म्हणाला. घरी आल्यावर गॅरेजमध्ये गेला, पण झांजेचा आवाज आला नाही. त्या संध्याकाळी मी पेटी आणायला गॅरेजमध्ये गेले तर कीर्तनाच्या कागदांखाली हॉलचा नकाशा होता. विटांची भिंत, आणि तिच्या पुढे जमिनीवर पेन्सिलच्या रेघारेघांचा एक रुंद पट्टा. असले पट्टे मी हॉर्नबीपासून बघत आले होते. भिंत पडली तर विटा कुठवर येतील, त्याचा तो पट्टा.

"ही आपल्या हॉलची भिंत आहे?" मी विचारलं.

"हो. छताला धरणारे लोखंडी हुक गंजून गेलेत. भिंत नुसती उभी आहे."

"मग पास्टरना सांगितलंस?"

"सांगणार आहे. कार्यक्रम झाला की. सोमवारी."

मी नकाशा उचलून त्याच्यासमोर धरला. तो घाईघाईनं म्हणाला, की शंभर वर्षं उभी आहे, नोव्हेंबरातही पडली नाही, आता आठवड्याभरात नेमकं काय होणार आहे. की आज सांगितलं तर हॉल आजच बंद, मग ना कार्यक्रम, ना शाळा, ना पुढचा गणपती. सुनीलकाका जन्मभर तोंड दाखवू देणार नाहीत. सगळं खरं होतं. दार उघडं होतं आणि आई मागे कपड्यांची बादली घेऊन उभी होती. ती एवढंच म्हणाली, "लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." बाबा लाल झाला, पण सोमवारचा शुक्रवार काही झाला नाही. आणि मी? मी तरी कुठे पास्टरांकडे धावले? पेटीवर मी दोन तुकडे असे बसवले होते की वर्गातल्या मुलीही बघायला येणार होत्या. आपल्या सद्सद्विवेकाला थोडं थांब म्हणायला मला बाबाइतकंच जमत होतं, हे लिहिताना आजही कानकोंडं व्हायला होतं.

रविवारी दुपारी आम्ही हॉलवर पोचलो तर बाबानं सकाळीच येऊन खुर्च्या मांडून ठेवल्या होत्या. व्यासपीठापासून पहिली रांग इतकी दूर की मध्ये एखादं लग्न लागलं असतं. पेटी आणि तबला, जे कीर्तनकाराच्या शेजारी, हाताच्या अंतरावर असायला हवेत, ते पार तिकडे, स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी, सॉसेज रोलच्या टेबलाला लागून. सुनीलकाका वैतागले. "अरे श्रीकांत, साथीदार इतके लांब? तू मुंबईत आणि आम्ही नागपुरात!" बाबा त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "ध्वनी चांगला येतो तिथून." धोतर, उपरणं, फेटा, कपाळाला गंध, इतका देखणा दिसत होता, आणि चेहरा आजाऱ्यासारखा.

मला आधी फक्त राग आला. एवढी तालीम करून मला सॉसेज रोलच्या राखणीला बसवलं म्हणून. मग माझं लक्ष जमिनीकडे गेलं. पहिली खुर्ची जिथे होती तिथे नकाशातला तो पट्टा संपत होता, जेमतेम एक पाऊल सोडून. सगळ्या सभेला त्यानं बरोबर रेघेबाहेर बसवलं होतं आणि आत, भिंतीखाली, स्वतः एकटा उभा राहणार होता. हा त्याचा हिशेब. न सांगितल्याचं पाप, आणि त्याची भरपाई म्हणून स्वतःचा जीव टांगणीला. ज्यानं जन्मभर ओरडून सांगितलं की असली भरपाई चालत नाही, त्याचंच आख्यान लावायला बाबा आपल्या नावाची पावती फाडून उभा होता!

पुढे मी जे केलं त्याला मंडळात पुष्कळ दिवस धाडस म्हणत. धाडस वगैरे काही नव्हतं. मला त्याचा भयंकर राग आला होता आणि तो तिथे एकटा उभा आहे हे मला बघवत नव्हतं, दोन्ही एकदम. मी पेटी उचलली, तो सगळा रिकामा पट्टा ओलांडला, आणि बाबाच्या उजव्या हाताला, जिथे पेटीवाल्यानं बसायचं तिथे, मांडी घालून बसले. बाबा दातांतल्या दातांत म्हणाला, "मुक्ता, जा तिकडे." मी म्हटलं, "साथीदार इथे बसतात." तेवढ्यात "आता कसं!" असं म्हणत सुनीलकाका तबला-डग्गा घेऊन आमच्यामागे आलेच. आणि मोठी माणसं पुढे गेली म्हटल्यावर शनिवारच्या शाळेतली दहा-बारा पिटुकली खुर्च्यांवरून उड्या टाकून धावत आली आणि बाबाच्या पायाशी बसली. आपल्या लोकांना कुणी खुर्च्या कुठे मांडल्या आहेत याच्याशी कधी देणंघेणं असतं? दोन मिनिटांत तो अख्खा पट्टा भरला. पुढे बसलेला एक लहानगा बाबाच्या धोतराचा सोगा ओढून विचारत होता, "इज इट गोइंग टू बी लाँग?"

बाबानं झांज उचलली. माझी बोटं पेटीवर होती, मी स्वर धरला. त्यानं एकदा मुलांकडे पाहिलं, एकदा वर भिंतीकडे, आणि झांज खाली ठेवली. मग पास्टरांकडे बघून, कीर्तनकाराच्या खड्या आवाजात, म्हणाला, "नील, आय नीड एव्हरीवन आउट. नाऊ, प्लीज. साइड डोर." सुनीलकाकांनी मला हळूच विचारलं, "हे पूर्वरंगात आहे का?" मी मुलांना उठवायला लागले. लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. काही पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, बाया सॉसेज रोलचे ट्रे आणि आईचे बटाटेवडे घेऊनच उठल्या, आणि सगळी सभा हसतखेळत कार पार्कमध्ये जाऊन वाऱ्यात उभी राहिली. बाबा शेवटी बाहेर आला. कीर्तनाच्या पहिल्या पानाच्या पाठीवर त्यानं मार्करनं लिहिलं: अनसेफ, आत जाऊ नये. पास्टरांनी टेप आणून दिली. चर्चच्या हॉलच्या दारावर तो कागद चिकटवताना बाबाच्या लक्षात आलं नाही, पण पास्टरांच्या आलं. ते म्हणाले, "पाचशे वर्षं झाली, अजून दारावर कागदच," आणि मोठ्यानं हसले. मग हसू ओसरल्यावर हळू विचारलं, "हाऊ लाँग हॅव यू नोन, श्री?" बाबा म्हणाला, "एट डेज." पास्टरांनी हातातला अर्धा वडा कागदी बशीत परत ठेवला.

ती भिंत पडली नाही, हेही सांगून टाकते. पुढे ती पाडायला डिगर आणला तर त्याला तीन दिवस लागले, आणि सुनीलकाका तिन्ही दिवस कुंपणाशी उभं राहून बघत होते. दर दिवशी संध्याकाळी त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर भिंतीचा फोटो टाकला, खाली एक अक्षर न लिहिता. गणपती पुढे दोन वर्षं आमच्या गॅरेजमध्ये बसला. बाबानं पुन्हा उभं राहून कीर्तन केलं नाही. कुणी नको म्हटलं नव्हतं.

त्या दिवशी घरी जाताना गाडीत आई पुढे बसली होती, मांडीवर रिकामं पातेलं घेऊन. मी मागे होते. बाबानं फेटा काढून डॅशबोर्डवर ठेवला होता आणि धोतरातच गाडी चालवत होता. माझ्या मनात एकच प्रश्न होता आणि त्याचं उत्तर मला माहीत होतं, नव्हे, मी ते त्याच्यासाठी तयार करून ठेवलं होतं. त्यानं फक्त उचलायचं होतं. मी तो प्रश्न मराठीत विचारला.

"बाबा, मी येऊन बसले नसते, तर कीर्तन केलं असतंस?"

आईनं पातेल्यावरचा हात उचलला आणि परत ठेवला. बाबानं आरशातून माझ्याकडे बघितलं.

"हो," तो म्हणाला. "केलं असतं."

पुढे काही नाही. 'पण' नाही, 'कारण' नाही, 'शंभर वर्षं उभी आहे' नाही. 'नाही' म्हणाला असता तर मी त्याला तिथल्या तिथे माफ केलं असतं आणि परत कधी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला नसता. त्या 'हो'ला माफ करायला मला फार वर्षं लागली, आणि तेवढ्या वर्षांत त्यानं सांगितलेली एकही गोष्ट मी कधी दुसऱ्याला विचारून पडताळून पाहिली नाही.